आमच्या साडूंचा राहिलेला निरोप

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत रिटायर झालेला असा एक माणूस दाखवा, की ज्याला आमच्या थोरल्या साडूंनी निरोप दिलेला नाही. मी माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान शटरसकट त्याच्या नावावर करून देतो. तलाठी असो, पोस्टमन असो, दवाखान्यातली नर्स असो, पारगावकडचा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा बाबू असो नाहीतर खोडदच्या दुर्बिणींपाशी पहारा करणारा वॉचमन असो, त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला की पिंपरी पेंढारहून आमचे साडू मोटारसायकलला किक मारून निघालेच म्हणून समजा. हँडलला एक पिशवी कायमची अडकवलेली. तिच्यात शाल, नारळ, टोपी, टाचण्या आणि स्वतःच्या हातानं लिहिलेलं मानपत्र. शालीवरून नुसता अंगठा फिरवून ती नारायणगावातल्या कुठल्या दुकानातली आणि अंगाला बोचणार की नाही, हे ते सांगत. स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गुरुजी. सगळा तालुका त्यांना गुरुजीच म्हणतो, आणि मीही तेच म्हणतो, कारण साडूला दुसरं काय म्हणायचं हे मला अजून कोणी शिकवलेलं नाही.

त्यांचं भाषण म्हणजे एक प्रकरणच होतं. आरोग्य केंद्रातल्या बदली झालेल्या डॉक्टरांची दोनची एस.टी. गुरुजींच्या भाषणात गेली आणि चारची आभारप्रदर्शनात. शेवटी बिचारा माणूस दुधाच्या टेम्पोत कॅनला टेकून गेला. अहो, एकदा तर त्यांनी बैलाला निरोप दिला! बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, नंबर काढून काढून थकलेला बैल. मालकानं ठरवलं, आता याला पळवायचा नाही. झालं. गुरुजी पिशवी घेऊन हजर. बैलाच्या पाठीवर शाल, गळ्यात झेंडूचा हार, समोर पन्नास गाडाशौकीन उन्हात उभे. गुरुजी मानपत्र वाचत होते तेवढ्यात बैलानं मान वळवून हार खाल्ला आणि मग मानपत्राच्या कागदाकडं तोंड नेलं. मालक म्हणाला, "गुरुजी, आवरा आता, त्याला भूक लागलीया." गुरुजी कागद वर धरत म्हणाले, "भूक न्हाई ती, भारावलाय तो." आणि उरलेलं अर्धं मानपत्र वाचूनच थांबले.

पण त्यांची खरी करामत वेगळीच होती. शाळेतलं कोणी निघालं की गुरुजी फळा स्वच्छ पुसायचे आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहायचे: 'आदरणीय गुरुजी, आपण आमच्या जीवनाला आकार दिलात. आपल्या आठवणी आमच्या हृदयात सदैव राहतील.' मग म्हणायचे, "घ्या रे उतरवून, शुद्धलेखनासकट." साठ पोरं साठ कागदांवर तेच उतरवायची आणि निघणारा माणूस साठ एकसारखी पत्रं पिशवीत घालून घरी जायचा. आमच्याकडं कुठल्याही रिटायर मास्तराचं कपाट उघडा, हाच गठ्ठा सापडेल. शाळेचा शिपाई निघाला तेव्हा त्यालाही साठ पोरांनी लिहून दिलं की आपण आमच्या जीवनाला आकार दिलात. तो मला म्हणाला, "भाऊ, म्या तर निस्ती घंटा वाजवली व्हती."

मी गुरुजींना एकदा चिडवलं, "त्यापेक्षा झेरॉक्स काढा की! पोरांचे हात तरी वाचतील." त्यांना राग आला नाही. म्हणाले, "पावणं, पोरांच्या पोटात माया असती, पर तोंडात शब्द नसत्यात. कोरा कागद दिला, तर कोराच परत येतो. म्हणून आपण शब्द द्यायचे." भाषणात प्रमाण मराठी आणि खरं बोलताना गावची, अशी त्यांची रीत होती. तेव्हा हे ते खरं बोलत होते.

आणि मग त्यांची स्वतःची वेळ आली ती नेमकी लॉकडाऊनमध्ये. शाळा बंद, पोरं घरात, रस्त्यावर पोलीस. चौतीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी गुरुजी एकटेच शाळेत गेले, वर्ग झाडले, कुलूप लावलं आणि किल्ली दोन हात लांबून, मास्क लावलेल्या सरपंचाच्या हातात टाकली. संपलं! ना शाल, ना नारळ. पुढं सगळं सुरळीत झाल्यावर माझी बायको म्हणाली, "दाजी, आपण घरीच करू की कार्यक्रम." त्यावर म्हणाले, "निरोप घरच्यांनी द्यायचा नसतो." एवढं बोलून उठून गेले. त्यानंतर त्यांनी हँडलची पिशवी काढून ठेवली. कोणी बोलावलं तरी जाईनात. आक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा माझ्या दुकानात येऊन रडली. म्हणाली, "ह्यांना वाटतंय, आपुन गेलो काय नि राहिलो काय, कुणाला फरकच पडला न्हाई." मला वाईट वाटलं. मी त्या माणसाची इतकी थट्टा केली होती, पण तो असा मुका झालेला मला बघवेना.

अशात टांझानियात नोकरीला असलेल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तिथल्या एका खेड्यातल्या शाळेला वर्षभर गणित शिकवायला कोणी हवं होतं. पगार नाही, राहणं-खाणं तेवढं मिळणार. गुरुजींनी रात्रभर विचार केला असेल असं तुम्हांला वाटेल. त्यांनी चहा संपेपर्यंतसुद्धा केला नाही. पारावर एकच चर्चा, "गुरुजी, तितं सिंव्ह हायेत म्हनं." गुरुजी म्हणाले, "इथं उसात बिबटे काय कमी हायेत?" आक्का म्हणाली, "जावा, पर डाळ नि मसाला घिऊन जावा." त्यांनी डाळ नेली, मसाला नेला आणि डझनभर शाली नेल्या. विमानतळावर विचारलं म्हणे, कापडाचे व्यापारी का? तिथं त्यांनी तिथली स्वाहिली भाषा शिकून घेतली, तीही आपल्या ठसक्यात, आणि पाढे थेट चालीवर म्हणायला लावले. व्हिडिओ कॉलवर आम्हांला वर्षभर त्यांचं फक्त कपाळ दिसलं, पण ते कपाळ दर महिन्याला जास्त खूश दिसत होतं.

निघायचा आठवडा आला. निरोपाबद्दल तिथं कोणी चकार शब्द काढेना. सोमवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी गुरुजींना राहवलं नाही. हातातला खडू सवयीनं फळ्याकडं गेला आणि त्यांनी स्वाहिलीत लिहिलं, 'आदरणीय गुरुजी, आपण आमच्या जीवनाला आकार दिलात.' पोरांना म्हणाले, "घ्या उतरवून." तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांनी विचारलं, "कोण चाललंय?" गुरुजी म्हणाले, "मीच." बाई इतक्या हसल्या की त्यांना बाक धरावं लागलं. मग त्यांनी डस्टर घेऊन फळा पुसला, पोरांना कोरे कागद वाटले आणि गुरुजींना हाताला धरून वर्गाबाहेर काढलं. "पावणं," ते मला नंतर म्हणाले, "झाडाखाली बसलो व्हतो. म्हटलं, आता सगळे कागद कोरे येनार." तासाभरानं बाईंनी एक जाड पाकीट हातात दिलं. गुरुजींनी ते उघडलंच नाही. तसंच बॅगेत घातलं आणि घरी आणलं.

घरी येऊनही आठ दिवस पाकीट देव्हाऱ्याशेजारी तसंच. आक्कानं मला निरोप धाडला, "तुमी या, मला उघडू देत न्हाईत." मी आणि बायको गेलो. मी म्हणालो, "गुरुजी, द्या इकडं, मी वाचतो." पाकीट फोडलं तर सगळं स्वाहिलीत! आता घ्या! तिथं बसलेल्यांत ते वाचू शकणारा माणूस एकच, आणि तोच आठ दिवस पाकिटाला हात लावत नव्हता. शेवटी त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पत्र मराठीत सांगायला लागले.

'गुरुजी, माझं सात आठे चुकायचं. तुम्ही मारलं नाहीत, माझ्याजवळ बसून शेंगदाणे मांडलेत. आता छप्पन्न म्हटलं की मला भूक लागते.' दुसरं: 'तुमची चपाती फार कडक असते. आई म्हणते, अजून एकदा या, ती शिकवेल.' तिसरं: 'तुमच्या गावाजवळच्या किल्ल्यावर राजा जन्मला असं तुम्ही सांगितलं. मी आजीला सांगितलं की तुम्ही त्याचे नातेवाईक आहात. माफ करा.' इथं आक्काला हसू आवरेना. चौथं: 'आमची भाषा तुम्ही चुकीची बोलता. नवे गुरुजी बरोबर बोलतील. आम्हांला कंटाळा येईल.' एका पोरानं लिहिलं होतं, 'मी पेज मिळते म्हणून शाळेत यायचो. मग तुमच्यासाठी यायला लागलो. पेज अजूनही चांगली असते.' एका कागदावर मजकूरच नव्हता. गुरुजींनी बोट ठेवून बघितलं. तो एकोणतीसचा पाढा होता, पार दोनशे नव्वदपर्यंत. "ह्याला वीसपर्यंत मोजता येत नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी एकेक ओळ तपासली. एकही चूक नव्हती. आणि मग आमच्या साडूंनी मांडीवर अशी थाप मारली की शेजारचा म्हातारा डोकावला. "हाये का न्हाई! आरं, हाये का न्हाई!" असं ते घरभर फिरून ओरडत होते, आणि आम्ही तिघंही विनाकारण टाळ्या वाजवत होतो.

अठ्ठावीस पत्रं होती. कुठलीही दोन सारखी नव्हती. गुरुजींनी ती मांडीवर नीट जुळवली, कडा सरळ केल्या. मी म्हणालो, "गुरुजी, झाला की नाही तुमचा निरोप? पोरांच्या तोंडात शब्द होते बघा." ते हसले. मग वरच्या पत्रावरून अंगठा फिरवत, अगदी हळू, गावच्या बोलीत म्हणाले, "व्हते, पावणं. चौतीस वरसं म्या माझंच लिवून दिलं. किती पोरांचं ऐकायचं राहून गेलं."