जेवणाच्या सुट्टीतला मुळा

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीला एका औद्योगिक गाळ्यातल्या छोट्या प्रयोगशाळेत होते. गरोदरपणाचं हार्मोन रक्तात लेशभर असलं तरी पकडणारी चाचणी आम्ही बसवत होतो. अँटिबॉडी हार्मोनला धरते, तिला जोडलेलं एन्झाइम रंग देतं. प्लेटच्या खळग्यात पिवळं दिसलं की हार्मोन आहे.

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटात बाळाऐवजी द्राक्षगर्भ वाढला होता. तो काढला, पण हार्मोन पुरतं गेलं नाही तर कॅन्सरची भीती, असं डॉक्टर म्हणाले होते. लघवीच्या जुन्या तपासणीला एवढं बारीक कळत नसे, म्हणून त्यांनी तिचं रक्त आमच्याकडे पाठवलं.

रंग आला. फिकट, पण आला. म्हणजे हार्मोन पुरतं गेलं नव्हतं.

मग तुलनेसाठी ठेवलेला नुसत्या पाण्याचा खळगा पाहिला. मेला तोही पिवळा! चाचणी जितकी तिखट करावी, तितकी ती कशालाही रंगायची. आम्ही बाटल्या बदलल्या, प्लेटी पुन्हापुन्हा धुतल्या, एकमेकींवर खेकसलो. सकाळच्या प्लेटी स्वच्छ, जेवणानंतरच्या पिवळ्या.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही संध्याकाळची भाजी निवडायचो. घरी गेल्यावर वेळ कुणाला? तेव्हा बाजारात मुळे आले होते. आमच्या प्रमुख बाई कोशिंबिरीसाठी मुळा किसता किसता थबकल्या.

"अगं, वाट लागली! आपलं एन्झाइम कशातून काढतात?"

मुळ्याच्याच भावकीतल्या एका कंदातून! मुळ्याच्या रसातही तसलंच एन्झाइम. हातमोजे तेव्हा चैन होती; हात नुसते पाण्याखाली धरून आम्ही तशाच कामाला बसायचो, आणि बोटांवरचा रस खळग्यांत उतरायचा.

भाजी बंद झाली, साबण आला. बहिणीचं राखून ठेवलेलं रक्त पुन्हा लावलं. शेजारी मुद्दाम लेशभर हार्मोन घातलेला खळगा पिवळा झाला. पाण्याचा कोरा राहिला. तिचाही कोराच. मला हसू आवरेना.

तिच्या शेजारणीकडे फोन लावला.

"ताई, काय आलं गं?"

"काहीच नाही आलं. स्वच्छ आहे."

पलीकडे ती हुंदके देऊन रडायला लागली. शेजारणीने घाबरून रिसीव्हर घेतला. "अहो, काय झालं हिला?"

मला बोलायचं होतं. पण मीही रडत होते.