विल्डाचा नंबर आणि दीड ओळ

समोरच्या घरातली विल्डा प्रिकेट शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, तेव्हा तिला वाटलं होतं की आता टोमॅटो लावायचे आणि हार्लनकडे बघायचं. हार्लन तिचा नवरा. खाणीतल्या धुळीनं त्याची फुप्फुसं निकामी होत आलेली. आमच्या गावातला फुप्फुसांचा दवाखाना केंद्राच्या एका कायद्यावर चालतो, आणि त्या कायद्याची मुदत सप्टेंबरअखेर संपणार होती. वाढली नाही तर दवाखान्याला कुलूप. दुसरा आहे तो डोंगरापलीकडे, आणि हार्लनला अंगणातल्या पेटीतून टपाल आणतानासुद्धा मध्ये थांबावं लागतं.

म्हणून विल्डा विधेयकाचा कायदा कसा होतो ते शिकायला बसली. ग्रंथालयातल्या ओटिसनं तिला सांगितलं: आधी समिती, मग प्रतिनिधिगृह, मग सेनेट, मग राष्ट्राध्यक्षांची सही. मुदतवाढीच्या विधेयकाला एक नंबर होता. रोज सकाळी कॉफीच्याही आधी ती संगणकावर तो नंबर कुठवर पोचला ते बघायची. चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेत आपण आजाऱ्यांची नावं घेतो, तसा तिनं तो नंबर सांगितला, आणि आम्ही सगळा उन्हाळा त्या नंबरासाठी प्रभूकडे मागणं मागितलं. प्रतिनिधिगृहात तो मंजूर झाला त्या दिवशी पाळकांचेही डोळे भरून आले.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती माझ्या मागच्या दारातून ओरडतच आली. "मर्ना, सेनेटनं केला गं मंजूर!" मी तव्यातला मक्याचा गरम पाव तसाच उचलला आणि तिच्याकडे गेले. हार्लन विधेयकाचे छापलेले कागद घेऊन बसला होता.

"विल्डे, यात विमानतळ आहेत."

"आधी चष्मा पूस."

"पुसलाय. धावपट्ट्या आहेत, कुंपणं आहेत. माझी फुप्फुसं कुठं आहेत?"

विल्डानं ओटिसला फोन लावला. त्यानं विधेयक उघडून पाहिलं. "विल्डाबाई, सेनेटनं आतलं सगळं काढून दुसरंच घातलंय. करतात ते तसं. नंबर म्हणजे नुसतं पाकीट."

"म्हणजे आम्ही उन्हाळाभर पाकिटासाठी प्रार्थना केली?"

हार्लनला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची ढास लागली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या.

आमच्या प्रतिनिधींच्या कार्यालयातली मुलगी फोनवर म्हणाली, "तुमची मुदतवाढ सरकारी खर्चाच्या मोठ्या विधेयकात घालणार असं ऐकतेय. पण मजकूर आम्हालाही अजून मिळाला नाही हो."

मजकूर शनिवारी आला, हजारावर पानं. मतदान सोमवारी. विल्डानं संगणकाला 'फुप्फुस' शोधायला सांगितलं, मग 'खाण', मग 'दवाखाना'. जे सापडलं ते आमचं नव्हतं. मी धुतलेल्या बश्या पुन्हा धूत होते, कारण मनात प्रार्थनेचे शब्दच जुळेनात. आतल्या खोलीत हार्लनचं ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं.

"नाहीये गं," ती हळू आवाजात म्हणाली. "गाळलं आपल्याला."

ओटिस मासेमारीची टोपी घालूनच दारात उभा राहिला. तळ्यावर मन लागेना म्हणाला. "दवाखाना हा शब्द नसेलच त्यात. ते नवं काही लिहीत नाहीत, जुन्या कायद्यातलं वर्ष बदलतात. जुनं कलम कितवं?"

विल्डाला ते पाठ होतं. तिनं आकडे घातले. एकच जागा उजळली: अमुक कलमातलं हे वर्ष काढावं, त्याजागी पुढचं घालावं. दीड ओळ. ती बोट ठेवून वाचत राहिली, मग कडाडली, "अरे, हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"मलाही तळ्यावरच सुचलं. आता मतदानापर्यंत कुणी ते काढलं नाही म्हणजे मिळवलं."

"गप रे, मेल्या!"

कुणी काढलं नाही. दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण सही होईना. मुदतीची शेवटची संध्याकाळ गेली. सकाळी हार्लनची तपासणी ठरलेली, आणि संगणकावर अजून काहीच दिसत नव्हतं. गाडी मी चालवली. वळणावर दवाखान्याचे दिवे दिसले, तरी विल्डानं आधी दाराला कुलूप आहे का ते बघितलं.

दार उघडून परिचारिका म्हणाली, "या, या! रात्री उशिरा सही झाली. मी तर माझ्या सामानाचं खोकंही भरून ठेवलं होतं."

विल्डा पायरीवरच थांबली. "त्या दीड ओळीसकट झाली ना? तू वाचलंस?"

हार्लन तोवर आत जाऊन खुर्चीत बसलाही होता.