नजमा आपांचे कान

नजमा आपांचे डोळे साडीवर आणि कान पोरांवर असत. मंगला गौरी घाटावरच्या आमच्या घरून मी माझ्या साड्या फॉल लावायला त्यांच्याकडे नेई. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचा पावरलूम धडधडत असे. आत आपा शिवत बसत आणि समोर मुलं डुलत डुलत कुराणातल्या आयती म्हणत. एखादं अक्षर कुणी गिळलं, की सुई न थांबवता आपा ओरडत, "खाना चबाव, हर्फ मत चबाव! फिर से पढ़!" मग अख्खा धडा पहिल्यापासून. रामरक्षेत चुकलं की माझी आईही असंच करायची. माझ्या मुलाला मात्र रामरक्षेची पहिली ओळसुद्धा येत नाही. खरं सांगायचं तर मला आपांचा हेवा वाटे.

तीन मुलगे त्यांनी असे घडवले. थोरला आता मशिदीत नमाज पढवतो. "मौलवी साहब ने तो बस पगड़ी बाँधी, बच्चा हम बनाए," असं आपा डोळे मिचकावून सांगत. उरली होती शेंडेफळ शबाना. तिचं कुराण पुरं झालं की आपा सुटणार होत्या.

पुढे पुढे मी हाक मारली तरी त्या मान वर करेनात. मला रागच आला. नंतर लक्षात आलं, तेव्हा बळेच त्यांना डॉक्टरकडे नेलं. जन्मभर लूमशेजारी बसून कानाची नस गेली होती. यंत्राचाही उपयोग नव्हता. माझा चेहरा पाहून आपांना कळलं.

"अल्लाह मियाँ तो हमारी सुन लेते हैं, दीदी," त्या म्हणाल्या. "हमको तो बच्ची की सुननी थी."

मी त्यांचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

परवा साडी आणायला गेले, तर शबाना कुराण म्हणत होती. आपांचा तळवा तिच्या पाठीवर होता आणि नजर ओठांवर. ती थांबली तशा आपा म्हणाल्या, "शाबाश!" एवढी मोठी शाबासकी मी त्या घरात कधी ऐकली नव्हती.

पोर मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली आणि एकदम रडू लागली.

"क्या हुआ, बेटा?"

"आंटी, आज हमने एक आयत छोड़ दी. जान-बूझकर."

"क्यों?"

"सोचा, अम्मी टोकेंगी."