पेरूखालची सावली

दत्ताकाका गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला, तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. "मालतीताई, बाबा गेले सकाळी..." मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता ते कधीच कळणार नाही. सहा आठवडे झाले. सांगायची लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

जोगेश्वरीच्या चाळीत काका आमचे शेजारी. मूळचे मालवणकडचे. गिरणीत कापडावरच्या नक्षीचे रंग करायचे. गिरणी बंद पडली, तसे घरी बसून पानं-फळं पाण्याच्या रंगात काढू लागले. फोटोवरून कधीच नाही. समोर खरं पान हवं, किडीने खाल्लेलं असेल तर भोकासकट. आधी पान काढायचं, कारण ते लवकर मान टाकतं. फळ दम धरतं. तोवर घरात त्या फळाला कोणी हात लावायचा नाही, सडलं तरी. काकी करवादायच्या, "चित्र होयसर चिकू कुसतलो, मगे तुमीच खावा."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबांना सही यायची, तेवढीच. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पाला मी आसपासच्या झाडांची रंगीत चित्रं घेतली आणि महिनाभर काकांच्या खिडकीत बसले. ते शिकवायचे, पण माझ्या कागदाला बोट लावायचे नाहीत. मीच तसं बजावलं होतं. फुकटची पास झाली असं कोणी म्हणू नये, ही माझी मिजास. पेरू पुरा झाला त्या दुपारी ते मान तिरकी करून म्हणाले, "बरो आसा. पण हवेत तरंगता गो."

"तरंगू दे. पुस्तकात तरंगतातच."

कागद वाळायला त्यांच्याकडेच राहिला. दोन दिवसांनी मी सगळे कागद एकदम उचलले आणि फाइलमध्ये भरले, नीट पाहिलेही नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमका पेरू उचलला. "बॉटनीच्या आकृतीला सावली? कोणी काढून दिलं हे?" मी पाहिलं. पेरूखाली फिकट जांभळट सावली होती. मी काढली होती? आठवेना... पण तिच्या कडेला रंगाची रेघ साचली होती, आणि ती खोड माझी. माझ्या ब्रशला पाणी जास्त व्हायचं. काकांच्या रंगाला तशी कड यायची नाही. "मीच काढली," मी म्हटलं. मॅडमनी कागद खाली ठेवला. त्यांना पटलं नसतं तर वर्ष गेलं असतं.

पेढे द्यायला गेले तेव्हा सरळ विचारलं, "काका, माझ्या पेरूला हात लावलात?"

"माका काय गरज? पेरू तुझो, सावली तुझी."

मी सावलीचं नावही काढलं नव्हतं.

तिथून आमचं बिनसलं. भांडण नाही, पण डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावली तरी बघताना मनात खुट्ट व्हायचं, ही पुरती माझी आहे का? लग्न होऊन बोरिवलीला आले. गणपतीत भेट व्हायची. मी पुन्हा विचारायची, ते हसायचे. "अजून संशय घेतंस?" एकदा तर मी म्हणाले, "तुमच्यामुळे मी खोटी ठरले असते." त्यावर ते उठून ब्रश धुवायला गेले. मला वाटलं, सापडले.

गेल्या रविवारी काकांच्या सुनेने त्यांचं एक जुनं पाकीट हातात दिलं. "रद्दीत टाकायच्या आधी बघता का?" आत कागदाचे आठ तुकडे. ना पान, ना फळ. आठही तुकड्यांवर नुसती एक सावली, फिकट जांभळट. पहिली स्वच्छ, कुठेच कड नाही. ती काकांची, डोळे मिटून ओळखली असती. दुसरीत पाणी जरा वाढलेलं. चौथीत कड आली, पण फार सुबक. सहावी बिघडवताना जास्तच बिघडली...

म्हणजे माझा संशय खरा होता. राग आलाच. सांगून ठेवलं होतं, हात लावू नका म्हणून. पण तरंगतं फळ त्यांना बघवेना, आणि माझा कागद माझाच दिसायला हवा होता. एवढा कसलेला हात, दोन दिवस बसून माझ्यासारखं चुकायला शिकत होता.

आठवा तुकडा मी खिडकीशी नेऊन तिरका धरून पाहिला. कोणी पुढे करून विचारलं असतं, तर आजही मी सांगितलं असतं, हा माझा.