टेकू काढल्यावर
माझे सासरे पंचेचाळीस वर्षं सेंटरिंगचं काम करताहेत. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू लावायचे, काँक्रीट घट्ट झालं की ते उतरवायचे. माणूस भला, पण त्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरांनी शिडी चढायला बंदी केली, तर म्हणाले, "डॉक्टरला शिडीतलं काय कळतं!"

सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांचा स्लॅब चालू होता. ओतणं अर्धवट सोडता येत नाही, म्हणून ते साइटवरच थांबले आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी एकच आशा धरून ठेवली: स्वर्गात गेल्यावर तिची माफी मागायची. एकदा भाजी निवडताना त्यांनी हे मला सांगितलं. मी उरलेली जुडी माझ्याकडे ओढून घेतली.

दर बुधवारी आमच्या गल्लीतले सात-आठ कॅथलिक एकेका घरी जमतात आणि त्या घरातलं वडीलधारं माणूस शुभवर्तमान वाचतं. त्या बुधवारी पाळी आमची. उतारा निघाला एकेक नवरा मरत गेल्यामुळे सात भावांशी एकापाठोपाठ एक लग्न झालेल्या बाईचा. मेल्यानंतर ती कुणाची बायको, असं काही लोक येशूला विचारतात आणि तो म्हणतो, तिथे लग्नंच नसतात. इथे वाचता वाचता बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुस्तक मिटलं.

"म्हणजे ती तिकडे माझी कुणीच नाही? मग मी माफी मागायची कुणाची?"

एवढं बोलून ते चपला घालून बाहेर पडले. चहा तसाच राहिला. शेजारच्या मावशी माझ्याकडे असं बघत बसल्या, जणू ते वचन मीच लिहिलं होतं.

पुढचे दोन रविवार ते चर्चमध्ये मिस्साला आले नाहीत. शेवटी मीच फादरांना घेऊन साइटवर गेले. बाबा टेकू उतरवत होते. फादर विटांच्या थप्पीवर बसले.

"बाबा, ते विचारणारे खोडसाळ होते. मेलेली माणसं उठतात हेच त्यांना मान्य नव्हतं. बाई कुणाच्या मालकीची, एवढंच पडलं होतं त्यांना. येशू म्हणाला, लग्न नाही. ओळख नाही, असं कुठे म्हणाला?"

"पण लग्नच नाही तर उरलं काय?"

"त्या आत्ताही स्वर्गातून तुमच्यासाठी प्रार्थना करताहेत, असं आपण मानतो ना? विसरलेल्या माणसासाठी कोण प्रार्थना करतं? लग्नात जे प्रेम शिकलात ते तिथे मोडत नाही, पुरं होतं. कसं, ते मात्र मलाही ठाऊक नाही."

मला वाटतं, हा शेवटचा कबुलीजबाबच कामी आला. बाबांनी वर स्लॅबकडे बघितलं.

"टेकू काढला तरी स्लॅब राहतो," ते हळूच म्हणाले.

"आणि तेव्हाच तर खाली राहायला येता येतं," मी मध्येच बोलले.

"तू गप्प बस," ते डाफरले. त्यांचं डाफरणं ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्यानंतरच्या बुधवारी आम्ही मावशींकडे जमलो. पाळी नसताना बाबांनी पुस्तक मागून घेतलं, तोच उतारा काढला आणि या खेपेला शेवटपर्यंत वाचला, तिथली माणसं देवाची लेकरं असतात हेही.

"मी तिथे गेल्या गेल्या माफीच मागणार आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "बायको म्हणून ऐकायचं की देवाची लेक म्हणून, ते तिचं ती बघेल. पण ऐकेल."