मागून येणारा आवाज

आमच्या वन्सं कोर्टातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाल्या, पण सवय काही निवृत्त झाली नाही. साक्षीदार बोलला तेच आणि बोलला तसंच उतरवायचं, हे बत्तीस वर्षं केलेलं. घरी बसून वर्षभरात नुसत्या करवादून गेल्या होत्या. तेवढ्यात एका दिग्दर्शिकेने त्यांना काम दिलं: मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा. पन्नास वर्षांपूर्वी पाण्यासाठी मोर्चा काढून तुरुंगात गेलेल्या बायकांवर ती माहितीपट करत होती. त्यांच्या पुढारीणबाई आता ब्याऐंशीच्या.

वन्सं जेवणाच्या टेबलाशी हेडफोन लावून बसत, मी शेजारी भाजी निवडायची. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वहिनी, हे ऐक जरा."

पुढारीणबाई खणखणीत आवाजात सांगत होत्या, "दोनशे जणींना पकडलं आम्हाला!" मागे झाकण आपटल्याचा आवाज, आणि दुसरीच कोणी बाई: "दोनशे कुठल्या? एकशे चाळीस. धरपकडीत रस्त्यावर पडलेल्या चपला मी जोड मोजून गोळा केल्या. पोत्यात भरून तुरुंगाच्या दारात नेल्या."

"ही कोण?" मी विचारलं.

"तेच तर!" वन्संनी लगेच दिग्दर्शिकेला फोन लावला.

"त्यांच्या जाऊबाई हो," ती म्हणाली. "सारख्या मधे बोलतात. ते सगळं गाळा, मावशी."

"मी गाळत नसते. साक्ष स्वयंपाकघरातून दिली म्हणून खोटी होते का?"

"अहो, हे कोर्ट नाही!"

"मग दुसरी टायपिस्ट बघा."

फोन ठेवला आणि म्हणाल्या, "गेलं गं काम. हे तोंड एक आवरत नाही माझं." तरी जाऊबाई बोलल्या त्या एक्केचाळीस जागा जशाच्या तशा ठेवूनच कागद पाठवले. "निदान वाचेल तरी."

चार दिवस फोन वाजला की त्या माझ्याआधी धावायच्या. पाचव्या दिवशी दिग्दर्शिका स्वतःच दारात. कागद वाचून ती पुन्हा कॅमेरा घेऊन गेली होती, या वेळी थेट जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. "पुढारीणबाई फुगून बसल्यात," ती हसली. "पण हा भाग राहणार. उतरवायचा तुम्हीच."

आम्ही दोघींनी मिळून ऐकलं.

"तुम्ही मोर्चात का नव्हता?" दिग्दर्शिका विचारत होती.

"सासूबाई म्हणाल्या, दोघी गेलात तर घर कोण बघणार? एकीनेच जा. मग आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. तिची निघाली."

"वाईट वाटलं?"

"छे! मला कुठलं आलंय भाषण करायला? तिची निघाली तेच बरं झालं." पातेल्यात चमचा फिरत राहिला. मग जाऊबाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पहिली दहा वर्षं मात्र ते बरं वाटत नव्हतं."