जिंकल्यावर वाटायची साखर

शेजारच्या चिनी अंकलनी लिफ्टमध्ये बातमी सांगितली. आमच्या इमारतीखालच्या स्टेडियममधला व्यावसायिक फुटबॉल संघ पुन्हा सुरू करण्याची बोलणी चालली आहेत म्हणे. "पण टिकायला माणसं यायला हवीत," ते त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, आणि मग थेट माझ्याकडे पाहून, "यू कम ऑर नॉट?"

लिफ्टचं दार उघडलं. मी हसल्यासारखं केलं आणि बाहेर पडले. आमच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यातून मैदानाचा अर्धा भाग दिसतो. कापलेल्या गवताचा ओला, हिरवा वास वर येत होता. त्या वासापाशी मी बराच वेळ उभी राहिले.

हा संघ याआधीही एकदा बंद पडून परत आला होता. त्याच वर्षी माझे सासरे कोल्हापूरहून इथे परदेशी, क्लेमेंटीला, आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सासूबाई गेल्या होत्या, घराला कुलूप लावलं होतं, आणि बाबा आमच्या सोफ्याच्या एका कडेला असे बसत, की जणू ती बसस्टॉपवरची जागा आहे. नवरा आणि मी सकाळी कामावर जायचो, मुलगी शाळेत. संध्याकाळी परतलो की ते तसेच असत. फक्त खिडकीतलं ऊन त्यांच्या गुडघ्यांवरून उतरून फरशीवर गेलेलं असे. "जातो आता मी," ते दर काही दिवसांनी म्हणत. बंद घरात एकटे राहून ते काय करणार, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

मग एका संध्याकाळी खालून ढोल वाजला. बाबा उठले, व्हरांड्यात गेले, कठड्यावर पुढे झुकले, आणि पोळ्या लाटत असलेल्या मला त्यांची हाक ऐकू आली, "सूनबाई! अगं, मॅच हाय की हितं!"

कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात. बाबांचं अर्धं आयुष्य तिथल्या मैदानाच्या पायऱ्यांवर गेलं होतं. त्यांच्या लेखी संघ ही माणसांनी पाहायला जायची गोष्ट नव्हतीच. तो घरातल्या थोरल्या मुलासारखा, उपाशी झोपता कामा नये असा. त्या रात्री जेवताना त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला आणि म्हणाले, "मॅच हाय तोवर ऱ्हातो मी."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घराचं भवितव्य त्या क्षणी खालच्या गवतावर धावणाऱ्या अनोळखी मुलांच्या हाती गेलं.

बाबा प्रत्येक मॅचला जाऊ लागले. सोबतीला माझी मुलगी, हे शेजारचे अंकल, आणि कधीमधी मी. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, अंकलना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. पण पंच चुकला की दोघांचे हात एकाच वेळी हवेत जात. सिमेंटच्या पायऱ्यांवर दिवसभराचं ऊन साठलेलं असे, ते साडीतून मांडीला जाणवे. डासांचा वास येत नाही, डासांवरच्या मलमाचा येतो. मला त्या मॅचेस त्या वासासकट आठवतात. आणि आठवतात त्या रिकाम्या पायऱ्या. मैदानाभोवती केवढ्या इमारती, किती खिडक्या, आणि खिडक्याखिडक्यांत टीव्हीचा निळा उजेड. खालच्या कॉफीशॉपमध्ये तर इंग्लंडमधल्या सामन्यांसाठी खुर्च्या पुरत नसत. विलायती संघांचे शर्ट घातलेली माणसं आमच्या फाटकासमोरून जात आणि आत वळून पाहत नसत.

"काय माणसं म्हणायची," बाबा म्हणत. "दारातली पोरं उपाशी ठेवून सातासमुद्रापारची दत्तक घेतल्यात!"

"आजोबा, बिकॉज अवर टीम ऑल्वेज लूज, लाह," मुलगी इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणे.

"हरतंय म्हणून पोरगं टाकून देत्यात व्हय?"

संघ खरंच हरत होता. कोल्हापुरात जिंकल्यावर गुलाल उधळतात. इथे गुलाल उधळला तर दंड होईल, हे बाबांनी कुणी न सांगता ओळखलं होतं. म्हणून त्यांनी साखर ठरवली. जिंकलो की साखर वाटायची. पोर झालं, पास झालं, लग्न ठरलं की आपण वाटतो तशी. दर मॅचला ते स्टीलचा डबा घेऊन जात आणि तसाच भरलेला परत आणत. इथल्या दमट हवेत साखरेचे खडे होत. मग पुढच्या मॅचच्या दुपारी ती खलबत्त्यात घालून ते हलक्या हाताने कुटत. शाळेतून आलेली मुलगी दारातूनच तो आवाज ऐके आणि ओरडे, "मॅच आहे!" एकदा चहाला साखर संपली म्हणून मी त्या डब्याकडे हात नेला, तर बाबा म्हणाले, "ती न्हाई. ती लोकांची हाय."

संघ पुन्हा बंद करणार असल्याची बातमी इंग्रजी वर्तमानपत्रात आली. नवऱ्याने ती बाबांना मराठीत वाचून दाखवली. प्रेक्षक नाहीत, हंगाम संपला की बंद. बाबांनी शांतपणे ऐकलं. "तालीम कधी बंद पडती व्हय?" ते म्हणाले. "पेपरवाले लिवत्यात काईबी."

शेवटच्या मॅचला आम्ही सगळेच गेलो. अर्ध्यात आभाळ काळवंडलं आणि विजेच्या धोक्याचा भोंगा वाजला. इथला नियमच तो, भोंगा वाजला की खेळ थांबतो. खेळाडू आत गेले. मोजकी माणसं आली होती, त्यांतलीही कित्येक उठून गेली. ओल्या मातीचा आणि गरम सिमेंटचा वास एकमेकांत मिसळला होता. बाबा छत्री न उघडता डबा पोटाशी धरून बसले. खेळ पुन्हा सुरू झाला आणि कसा कोण जाणे, आमच्या संघाने गोल केला. तो शेवटपर्यंत टिकला.

शिट्टी वाजताच बाबांनी डबा उघडला. पायऱ्यांवरून एकेका माणसापाशी जाऊन ते चिमूट पुढे करू लागले. माणसं गोंधळली. एका बाईला ते मीठ वाटलं. एकाने घाबरून हात मागे घेतला. "वी वन, सो मस्ट ईट शुगर!" मुलगी मागून धावत सांगत होती. अंकल छातीवर हात ठेवून म्हणाले, "डायबिटीस, लाह," आणि तरीही त्यांनी तळहात पुढे केला. मग बाबा कठड्यापाशी उतरले. गोलकीपर तिथे उभा होता. त्याला हातमोजा काढायचं सुचलं नाही. चिखलाच्या मोज्यावरची ती साखर त्याने जिभेने टिपली आणि बाबांसमोर मान खाली घातली. ती मान त्याला पुन्हा वर करता येईना. त्याला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"आता कसं बंद करत्यात?" घरी येताना बाबा म्हणाले. "जितलेला संघ कोण बंद करतंय?" त्यांच्या बोटांना साखर चिकटली होती. घरी आल्यावरही त्यांनी हात धुतले नाहीत.

पुढचा हंगाम यायचा त्या सुमाराला ते एका संध्याकाळी डबा पुन्हा भरून घेऊन खाली गेले. फाटक उघडंच असतं. धावायला माणसं येतात. मी व्हरांड्यातून पाहत होते. कडेच्या लाल पट्ट्यावर कानात वायरी घालून माणसं गोल गोल धावत होती आणि मधलं गवत रिकामं होतं. गोलचे खांब काढून भिंतीशी आडवे ठेवले होते. बाबा पायऱ्यांवर त्यांच्या नेहमीच्या जागी बसले. अंधार पडला, दिवे लागले नाहीत. मग ते वर आले, पाय धुतले आणि म्हणाले, "जातो आता मी."

"आम्ही आहोत ना, बाबा," मी म्हटलं.

"हाईसा की," ते म्हणाले, मला दुखू नये अशा आवाजात. "पर तुमास्नी कामं हाईत."

विमानतळाकडे निघताना त्यांनी तो डबा ओट्यावरच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवला. "असू दे. पुन्यांदा सुरू झालं तर लागंल." वर्षाच्या आत ते कोल्हापुरातल्या त्या घरात एकटेच वारले. दार शेजाऱ्यांनी उघडलं. आम्ही पोहोचेपर्यंत पेठेतल्या तालमीच्या पोरांनी त्यांना खांदा दिलाही होता.

एखादं शहर एखादा संघ सांभाळू शकतं का, हे मला विचारू नये. मी आकडे जाणत नाही. मला एवढंच दिसलं की एक माणूस त्या संघाच्या आधाराने उभा होता आणि शहराला ते कळलं नाही. शहराला कळायचं कारणही नव्हतं.

अंकल लिफ्टमध्ये भेटले त्या संध्याकाळी मी फळीवरून डबा काढला. साखरेचा एकच दगड झाला होता, डब्याच्या आकाराचा. तो सुटेना. गरम पाण्यात डब्याचं बूड धरलं तेव्हा निघाला. मी तो खलबत्त्यात घातला आणि कुटू लागले.

आतल्या खोलीत मुलगी अभ्यास करत होती. आता ती उंचीने माझ्याएवढी आहे आणि आमच्याशी मराठीत क्वचितच बोलते. तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली, अनवाणी.

"मॅच आहे?" तिने विचारलं. मराठीत.

माझा हात थांबला होता. तिने तो बत्ता माझ्या हातातून घेतला आणि हळूहळू, आजोबांच्या लयीत, उरलेली साखर कुटायला लागली.